भाचा युनिटमध्ये नशेत सापडला, आता पुढे काय?

ताई, तुमचा भाचा सुटीवरून परतला आणि ड्यूटीवर नशेत सापडला, खिशात गांजाची पुडीही निघाली. पोलीस केस होईल की फौजच निकाल लावेल, असं तुम्ही विचारलंय. महूच्या लष्करी छावणीत असताना डिसिप्लिनच्या फायली माझ्याकडे होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नशा आणि पुडी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. नशेत सापडणं हा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४८ चा गुन्हा, आणि ते कलम नशा कशाची हे विचारतच नाही. आपल्या इंदूरला भांगेची ठेक्याची दुकानं आहेत, आणि नुसत्या भांगेच्या पानांना एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा गांजा मानत नाही. तरी शिवरात्रीची ठंडाई पिऊन झिंगलेला जवान कलम ४८ मध्ये अडकतोच. शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं कैद. ड्यूटीवर नसेल तर ६ महिन्यांच्या आत.

पुडीला एनडीपीएस १९८५ लागतो. गांजा १ किलोपर्यंत असेल तर कमाल १ वर्ष, २० किलोच्या वर गेला तर किमान १० वर्षं. आर्मी ॲक्टच्या कलम ६९ मुळे हा गुन्हा कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे फौजेच्या कोर्टातही चालतो. पोलिसांकडे द्यायचा की फौजेत चालवायचा, हे त्याच ॲक्टच्या कलम १२५ नुसार वरचा कमांडर ठरवतो.

जवानाचं खरं नुकसान होतं ते समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे युनिटमधल्या झटपट खटल्यात. तिथे युनिटचा कमांडिंग ऑफिसर (सीओ) स्वतःच न्यायाधीश. लेफ्टनंट कर्नल असेल तर १ वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, वर बडतर्फी; आणि बडतर्फ झाला की पेन्शनही सहसा जाते. वकील शेजारी बसून कानात सांगू शकतो, पण साक्षीदाराला एक प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या आधी आर्मी रूल्सच्या नियम २२ ची सुनावणी असते. टोपी-बेल्ट काढून पोराला सीओसमोर मार्च करवतात, साक्षीदार बोलतात, ‘काही विचारायचंय?’ म्हटलं की पोरगं ‘नो सर’ म्हणून मोकळं! तिथेच विचारायला हवं: पुडी कोणी काढली, कोणासमोर, डॉक्टरनं कधी तपासलं? साहेब खूश होतील म्हणून ‘गुन्हा कबूल’ म्हणणारे खूप पाहिले. कबुलीचा परिणाम आधी समजावून सांगायचा आणि तशी नोंद करायची, असा नियम ११५ आहे. आरोप आणि साक्षींची प्रत खटल्याच्या किमान ९६ तास आधी मिळते (ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे युद्धासारख्या मोहिमेवर, २४). ती त्याला नीट वाचायला सांगा.

सवयच लागली असेल तर उपचार वेगळा विषय. एनडीपीएसचं कलम ६४ए उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला छोट्या मात्रेपुरतं संरक्षण देतं, आर्मी ॲक्टपासून नाही. सापडण्याआधीच आरएमओकडे (युनिटच्या डॉक्टरकडे) गेला असता तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, खालावली असती, पण माझ्या मते नोकरी वाचायची शक्यता जास्त होती.

बडतर्फी झालीच तर आधी आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली निकालाविरुद्ध अर्ज, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं जबलपूर खंडपीठ. आणि ‘महूत ओळख आहे, मिटवून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर एक रुपया देऊ नका.