पॉप्युलिस्ट म्हणजे लोकानुनयी? दर वेळी नाही

प्रश्न असा आलाय की उजवे ट्रम्प आणि डावे बर्नी सँडर्स या दोघांनाही अमेरिकेत पॉप्युलिस्ट म्हणतात, मराठी पेपरात त्याचं लोकानुनयवादी करतात, तर ही दोन टोकं एका शब्दात बसतात कशी आणि प्रतिशब्द बरोबर आहे का.

बजेटच्या बातमीत बरोबर, अमेरिकेच्या राजकारणात नाही असं माझं मत. आपल्याकडे पॉप्युलिस्ट बजेट म्हटलं की कर्जमाफी, फुकट वीज, निवडणुकीच्या तोंडावरची खैरात हेच आठवतं. अनुनय म्हणजे मनधरणी, त्यामुळे टोमणा शब्दातच आहे, कुठलाही पुढारी स्वतःला लोकानुनयी म्हणवून घेणार नाही. शिवीच ती, फक्त संस्कृतातली.

तिकडे मात्र लोकांनी हे नाव मिरवलंय. १८९० च्या आसपास कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सासकडचे शेतकरी पार टेकीला आले होते, कापूस-गव्हाचे भाव पडलेले, रेल्वे कंपन्या भाड्यात लुटतायत, आणि चलन सोन्याला बांधलेलं म्हणून बाजारात पैशाची टंचाई, म्हणजे तेवढंच कर्ज फेडायला दर वर्षी जास्त माल विकायचा. त्यातून पीपल्स पार्टी निघाली, १८९२ मध्ये ओमाहाला जाहीरनामा झाला, आणि या पक्षाचे लोक ते पॉप्युलिस्ट. रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी, चांदीची नाणी हवी तेवढी पाडावीत, जास्त कमाईवाल्यांना जास्त इन्कम टॅक्स, सिनेटर थेट जनतेने निवडावेत, अशा मागण्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या जेम्स वीव्हरला दहा लाखांवर मतं आणि २२ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती) पडली. १८९६ ला त्यांनी डेमोक्रॅटांच्या ब्रायनलाच आपला उमेदवार केलं, तो हरला आणि पक्षाची हवाच गेली. पण इन्कम टॅक्स आणि सिनेटची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आलीच की! याला लोकानुनय म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पक्ष गेला आणि विशेषण उरलं. इंग्रजीवाले पक्षाचा पॉप्युलिस्ट कॅपिटल पी ने लिहितात आणि बाकीचे छोट्या पी ने, देवनागरीत ती सोय नाही त्यामुळे आपला गोंधळ आणखी वाढतो.

या विशेषणात लोकांना फुकट काय दिलं यापेक्षा कोणाविरुद्ध बोललं हे महत्त्वाचं. एकीकडे साधी कष्टाळू माणसं आणि दुसरीकडे वरचे मूठभर, पण हे मूठभर कोण ते ज्याने त्याने ठरवायचं. १९३० च्या दशकात लुइझियानाचा पुढारी ह्युई लाँग याच्यासाठी ते धनदांडगे होते, १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ५ राज्यं जिंकणाऱ्या अलाबामाच्या जॉर्ज वॉलेससाठी वॉशिंग्टनचे बाबू, प्रोफेसर आणि वर्णभेद मोडणारे जज. सँडर्ससाठी अब्जाधीश, ट्रम्पसाठी वॉशिंग्टन आणि मीडिया, शिवाय वरचे नसलेले स्थलांतरितही. म्हणून दोघं एकाच शब्दात बसतात. पीपल्स पार्टीचाच जॉर्जियाचा पुढारी टॉम वॉटसन तर एकटाच दोन्ही टोकांना जाऊन आला, आधी गोऱ्या-काळ्या शेतकऱ्यांनी एक व्हा म्हणायचा, पुढे काळ्यांविरुद्ध आणि ज्यूंविरुद्ध विखारी लिहायला लागला.

आणि ट्रम्प स्वतः अब्जाधीश आहे याचं नवल नको. १८४० ला, हा शब्द निघायच्याही आधी, अध्यक्षपदाचा उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसनचा प्रचार लाकडी झोपडीतला साधा माणूस म्हणून झाला होता, बाबा जन्मला होता व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदार घरात.

२०१६ मध्ये कॅनडात ओटावाला तेव्हाचे अध्यक्ष ओबामा याच शब्दावरून वैतागले होते. त्यांचं म्हणणं, गरिबांसाठी, कामगारांसाठी झटतो तो पॉप्युलिस्ट, त्या हिशोबाने मी पण आहे, परक्यांचा द्वेष करून मतं मिळवणाऱ्याला ते नाव का देता. आता हे लोकानुनयी शब्द घालून वाचा, वाक्याचा पार विचका होतो.

दुसरे प्रतिशब्द बघावेत तर जनवादी शब्द डाव्यांनी लोकशाहीवादी या अर्थाने केव्हाच वापरात आणलाय, लोकरंजनवाद म्हटलं की मला सर्कसच दिसते. त्यामुळे मी लिहिताना बजेट लोकानुनयी ठेवतो आणि सँडर्स, ट्रम्प, वॉलेस यांना सरळ पॉप्युलिस्ट.