मागचे पाय गेलेली, वयस्क कुत्री दत्तक घ्यावी का? आम्ही दोघंही नोकरी करतो.

तुम्ही खारघरला राहता, निवारा केंद्रातली आठ वर्षांची, अपघातात अधू झालेली कुत्री तुमच्या मनात बसली आहे. आमची ठकी अशीच. ठाण्यात वर्तकनगरला आमच्याकडे आली तेव्हा दातांवरून वय काढलं होतं, सात-आठ. तुम्हीही जरूर आणा. फक्त होकार कळवण्याआधी रोज दुपारी एक वाजता घरी कोण असेल, ते पक्कं करा.

कारण पायांपेक्षा मोठा प्रश्न लघवीचा असतो. मणक्याला मार बसलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा लघवी आपणहून करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. तुंबून राहिली तर संसर्ग होतो आणि तो किडनीपर्यंत पोहोचतो. थेंब थेंब गळतंय म्हणजे झाली, असंही समजू नका. कधी कधी आत भरून वाहत असते.

पहिले आठ दिवस मला जमेना. तिला दुखेल म्हणून मी जेमतेम हात लावायचे. शेवटी डॉक्टरांनी माझाच हात धरून तिच्या पोटावर, मागच्या पायांच्या जरा पुढे ठेवला. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी बोटांना लागलं. दोन्ही बाजूंनी सावकाश, एकसारखं दाबायचं. हे वाचून येत नाही. तिला आणण्याआधी चार दिवस केंद्रात जा आणि तिथल्या माणसांसमोर स्वतः करून बघा. आमच्याकडे दुपारची पाळी सासूबाईंची. आधी म्हणाल्या, "मला नाही बाई जमणार." आता ठकीचं झाल्याशिवाय पानावर बसत नाहीत.

गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरा. पावसाळ्यात फार जपावं लागतं. घासून झालेली एवढीशी जखम ओली राहिली, माशी बसली, की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. मी रोज रात्री टॉर्च घेऊन तिचे पाय, पोट, शेपटीखालची जागा बघते. दुखतंय असं वाटलं तरी आपल्या घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका. तिला चालता यावं म्हणून मागच्या अंगाला बांधायची चाकांची गाडी तिच्या मापाने करून घ्या, सुरुवातीला दहाच मिनिटं.

आणि केंद्रातून निघताना जुना एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, लसींचं कार्ड मागून घ्या. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ते विचारले आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. तिला पुन्हा सगळ्या सुया टोचून घ्याव्या लागल्या.