लातूरला गेमिंग पीसी: आता आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, पुढे ५०७० टीआय. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा घ्यावा?

७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा), एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) घ्या. ४०६० जेमतेम ११५ वॅट ओढतं, त्याला ५५० पुरतो. पण ५०७० टीआय ३०० वॅटचं आहे आणि त्याची विजेची मागणी क्षणभर त्याच्याही वर जाते. एसएमपीएस तोकडा पडला की पीसी ऐन गेममध्ये रीस्टार्ट होतो. एनव्हिडियाही त्या कार्डासाठी ७५० च सांगते. प्रोसेसर कोअर आय९ असेल तर मात्र ८५० घ्या.

- कार्डाला वीज देणारी १६ पिनची केबल एसएमपीएससोबतच आलेली असावी.
- जुन्या एसएमपीएसच्या मोड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल नव्याला कधीच लावू नका. पिनांची रचना वेगळी असते, एसएसडी जळू शकते.
- लाईट सारखी जात असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस पुरणार नाही, तो साधारण ३६० वॅटच देतो. १००० व्हीएच्या पुढचा, प्युअर साईन वेव्ह (घरच्या विजेसारखीच सरळ लहर देणारा) बघा. आणि आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या, हे खरंच टाळू नका.