ममलूक, मालक आणि मिळकत

‘ममलूक म्हणजेच मालक का? अरबी नाटकांवरच्या एका लेखात “ममलूक सुलतान” असं वाचलं,’ असा प्रश्न आला आहे.

मुळीच नाही! ममलूक हे जणू एखाद्या उमराव घराण्याचं आडनाव, असं ऐकून ऐकून कान किटले. म-ल-क हा अरबी धातू. ‘मालिक’ म्हणजे धनी, ‘मलिक’ म्हणजे राजा आणि ‘ममलूक’ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, विकत घेतलेला गुलाम. इजिप्तमध्ये असेच गुलाम सैनिक पुढे सुलतान झाले, म्हणून ‘ममलूक सुलतान’. आपले मजकूर, मंजूर, महसूल वेगळ्या धातूंचे, पण ‘ममलूक’च्याच साच्यातून निघाले.

आपली ‘मिळकत’ही याच धातूची. ती ‘मिळणे’वरून आली असं सांगणाऱ्यांनी शेवटचा ‘कत’ कुठून आला तेही सांगावं. जळणेवरून ‘जळकत’ होतं का? मूळ शब्द ‘मिल्कियत’, म्हणजे मालकी. म्हणून तर स्थावर मिळकत म्हणजे घर-जमीन, आणि पुण्यात मिळकतकर भरतात तो घरावर, पगारावर नव्हे. ‘मिळणे’च्या ओढीनं ल चा ळ झाला आणि कमाईचा अर्थ मागाहून चिकटला, असं माझं ठाम मत आहे.

इजिप्तचे नाटककार तौफीक अल-हकीम यांनी १९६० च्या ‘अल-सुलतान अल-हाइर’ (पेचात पडलेला सुलतान) या नाटकात हाच धातू पणाला लावला. सुलतान ममलूक आहे, पण त्याला गुलामीतून रीतसर मुक्त करायचं राहून गेलंय. म्हणजे कायद्यानं तो सरकारी खजिन्याची मिळकत! तलवारीनं तोंडं बंद करावीत की कायदा मानावा? तो कायदा निवडतो आणि भर चौकात त्याचा लिलाव होतो. राष्ट्राध्यक्ष नासरच्या इजिप्तमध्ये हा प्रश्न जुन्या काळाचा पोशाख चढवूनच रंगमंचावर येऊ शकत होता.

सीरियाचे नाटककार सादल्लाह वन्नूस याहून कठोर. १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून अरबांचा पराभव झाल्यानंतर त्यांनी ममलूक जाबिरची कथा नाटकात आणली. बक्षिसाच्या आशेनं जाबिर स्वतःच्या भादरलेल्या डोक्यावर वजीराचा गुप्त निरोप लिहून घेतो. केस वाढल्यावर तो घेऊन जातो, आणि निरोपातच निरोप्याला मारून टाकण्याची सूचना असते. ही गोष्ट एक कथेकरी कॉफीखान्यात सांगतो. गिऱ्हाइकांना मात्र विजयी बैबर्सचीच गोष्ट हवी असते. कथेकरी म्हणतो, तिची वेळ अजून आलेली नाही. आणि हा बैबर्स कोण? सुलतान होण्याआधी बाजारात विकला गेलेला ममलूकच.