बाबा, हा माणूस इतका वेळ का बोलतोय?

"ताई, मी ४१ वर्षांचा, नोकरी हिशेबनिसाची. सहा वर्षांत पाच पटकथा पूर्ण केल्या. एकही कुणी सांगितली म्हणून लिहिलेली नाही. पाचही रीतसर नोंदवून ठेवल्या आहेत. निर्मात्यांना मेल पाठवतो, उत्तर येत नाही. ओळखीशिवाय कुणी दारात उभं करत नाही, हे आता कळून चुकलंय. बायको म्हणते, कुणी मागितलेलं नसताना लिहितोस कुणासाठी? घरात लिहायला शांतता म्हणून नाही. परवा तर दहा वर्षांच्या मुलीने टेबलावरचं पान उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि वर मलाच विचारते, 'बाबा, हा माणूस इतका वेळ का बोलतोय?' तिला खोलीबाहेर घालवावं लागलं. सहावी सुरू करू की हा नाद सोडून देऊ?
– न मागितलेला लेखक"

तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी होतं, मी ते इथे छाटून दिलंय. त्यात निर्मात्यांवर दोन पानं आहेत, बायकोवर एक. मुलगी मात्र एका वाक्यात खोलीत येते आणि दुसऱ्या वाक्यात खोलीबाहेर जाते. मी तिथेच अडकले. उरलेलं पत्र मग घाईघाईनेच वाचलं, खोटं कशाला सांगू?

'घालवावं लागलं' म्हणता. लागलं? कुणी भाग पाडलं हो तुम्हाला?

पटकथेचा एक ठोकताळा तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक असणार: एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुमचा तो माणूस किती ओळी बोलतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण वाचता वाचता त्या पोरीचा दम संपला असणार, म्हणून तर ती थांबली. दीड पान असेल तर दीड मिनिट. अंधारात बसलेल्या प्रेक्षकासमोर दीड मिनिट एकच चेहरा एकसारखा बोलतोय. हे चालतंसुद्धा, पण तेवढं बोलण्याची त्या माणसाला गरज हवी. लेकीने नेमकं तेच विचारलं. 'का बोलतोय?' एखाद्या मुरलेल्या संकलकाने तुमचं पान वाचलं असतं तर यापेक्षा वेगळं काय विचारलं असतं? तो एवढ्या मायेने विचारता ना, इतकाच फरक.

तुमच्या पत्रातला हिशेब मी मांडून पाहिला. सहा वर्षं, पाच पटकथा आणि पानावर काय लिहिलंय त्याबद्दल दुसऱ्या माणसाने विचारलेला प्रश्न एकच. तो विचारणारीला तुम्ही दार दाखवलंत. निर्माते तुम्हाला दारात उभं करत नाहीत ही तक्रार त्याच पत्रात, फार तर पाच ओळी आधी.

आता त्या निर्मात्यांबद्दल. न मागता आलेली पटकथा अनेक कंपन्या उघडतच नाहीत. उद्या त्यांच्या एखाद्या सिनेमात तुमच्या गोष्टीसारखं काही निघालं आणि तुम्ही कोर्टात गेलात, तर 'आम्ही वाचलीच नव्हती' हे म्हणता यावं म्हणून. तेव्हा त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही नापास झालात असा लावून बसू नका. पेपर तपासलाच गेलेला नाही. आणि न मागता लिहिण्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. या धंद्यात त्याला 'स्पेक स्क्रिप्ट' असं नावच आहे. 'अनफरगिव्हन' या हॉलिवूडच्या सिनेमाची पटकथा १९७६ची, सिनेमा पडद्यावर आला १९९२ मध्ये. नट-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडने ती विकत घेतली आणि आपण तिच्यातल्या नायकाच्या वयाचे होईपर्यंत कित्येक वर्षं बाजूला ठेवून दिली. विकल्या गेलेल्या पटकथेची ही गत! बाजाराचं घड्याळ तुमच्या हातात नाही, म्हणून त्यावर मी आणखी शाई घालवत नाही.

पान मात्र तुमच्या हातात आहे. आणि ते आजवर लेकीखेरीज कुणाच्या तोंडी गेलेलं नाही.

कादंबरी एकट्याने मनातल्या मनात वाचायची असते, तिचं तेवढ्यावर भागतं. पटकथेतलं वाक्य कुणाच्या तरी घशातून बाहेर पडायचं असतं. तुमच्या डोक्यात सगळी पात्रं तुम्हीच बोलता. तिथे कुणी अडखळत नाही, कुणाला धाप लागत नाही, कुणी मान वर करून विचारत नाही. मी पूर्वी एकदा रेडिओसाठी श्रुतिका लिहिली होती. त्यातलं माझं लाडकं वाक्य एका नटाच्या वाट्याला आलं. तालमीत तो तीनदा त्याच जागी श्वासासाठी थांबला आणि चौथ्यांदा अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, हे बोलायचंय की नुसतं वाचायचंय?" दोन दिवस मी त्याच्यावर धुमसत होते. वाक्यात 'आणि' चार वेळा होतं. तिसऱ्या दिवशी तीन काढले. तेव्हा माझं वय तुमच्यापेक्षा कमी होतं आणि तो माझी लेक नव्हता, म्हणून मला खोलीबाहेर घालवता आलं नाही. नाहीतर मीही घालवलं असतं.

तेव्हा सहावीचं नाव आत्ता काढायचं नाही. सोडायचं की नाही, हेही आत्ता विचारायचं नाही. आज रात्री लेकीला खोलीत बोलवा आणि तेच पान तिच्या हातात द्या. माफी मागायची तर एका वाक्यात मागा, तिथे पुन्हा भाषण नको. तिला सांगा, रविवारी ही अख्खी पटकथा आपण मोठ्याने वाचणार आहोत आणि सीनची वर्णनं तू वाचायचीस. 'आत, स्वयंपाकघर, रात्र' हेही तिलाच म्हणू द्या. मुलं ते ठसक्यात म्हणतात.

उरलेल्या पात्रांसाठी चार-पाच माणसं जमवा. लेखक शक्यतो नकोत, लेखक मनातल्या मनात तुमची पटकथा स्वतःच लिहायला घेतात. कचेरीतला एखादा सहकारी, शेजारी, भाऊ, कुणीही चालेल. पान नीट वाचता आलं म्हणजे झालं. बायकोलाही एक भूमिका द्या, बरीचशी वाक्यं असलेली. त्या 'कुणासाठी लिहितोस' विचारतात, पण तुमचं एक तरी पान त्यांच्या हातात तुम्ही दिल्याचं चार पानी पत्रात मला कुठे सापडलं नाही.

तुम्हाला मात्र भूमिका नाही. कोपऱ्यात आपली प्रत आणि पेन्सिल घेऊन बसायचं. "इथे खरं तर असं अभिप्रेत आहे" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळायचं. कोण कुठे अडखळतं, कोण हळूच पुढचं पान उलटून अजून किती उरलंय ते बघतं, कोण न सांगता हसतं, तिथे समासात फक्त एक रेघ मारायची. कारण लिहायचं नाही. कारणं सोमवारी.

आणि तो माणूस बोलायला लागला की लेकीकडे बघा. ती पुन्हा विचारेल. या खेपेला कदाचित विचारणार नाही, मागच्या वेळी काय झालं ते तिच्या लक्षात असेल. विचारलं नाही, तर तुम्हीच विचारा तिला, सगळ्यांसमोर: "का गं बोलतोय हा इतका?" आणि ती जे सांगेल ते लिहून घ्या, तिच्याच शब्दांत.

छापताना तिच्या प्रतीचं अक्षर जरा मोठं ठेवा. पानामिनिटांचा हिशेब बिघडेल. बिघडू दे.