स्पेलिंग चुकले की मुद्दाम चुकवले?

इंग्रजी स्पेलिंगविषयी वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आठवी-नववीची मुले निबंधातसुद्धा ‘यू’, ‘आर’ अशी सुटी अक्षरे आणि ‘जीआर8’सारखे मोबाइलचे इंग्रजी लिहितात. मोबाइलमुळे त्यांचे स्पेलिंग बिघडते आहे का? गुण कापावेत का? (इंग्रजीच्या शिक्षिका, सांगली)

आधी वहीतल्या चुका दोन गटांत वेगळ्या करा. ‘यू’ हे एकच अक्षर लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण शब्दाचे स्पेलिंग विचारा, तो बिनचूक सांगेल. त्याचे स्पेलिंग कच्चे नाही; कुठे कसे लिहायचे याचे भान सुटले आहे. तिथे अधोरेखा करून वाक्य पुन्हा लिहून घेणे पुरते. परीक्षेत मात्र गुण जातील, हे त्याला आधीच सांगा.

दुसरा गट खरा त्रासाचा. ‘सेपरेट’मध्ये पीनंतर एऐवजी ई, ‘डेफिनेट’मध्ये एफ-आय-एननंतर आयऐवजी ए, ‘अकोमोडेशन’मध्ये एकच एम. या चुका मोबाइल येण्याआधीही वहीत होत्याच. मराठी लिहिताना कानावर भरवसा ठेवून बरेचसे निभावते. इंग्रजीत आघात नसलेला स्वर पुसट उच्चारला जातो, त्यामुळे तिथे ए आहे, ई आहे की आय, हे कानाला कळतच नाही. म्हणून असा शब्द दहादा उतरवून काढण्याने फारसे साधत नाही. ‘से-पा-रेट’ असा मुद्दाम फोडून म्हणायला लावा, ‘डेफिनेट’च्या पोटातला ‘फायनाइट’ दाखवा, मग शब्द झाकून लिहून घ्या. चुकला तर पुन्हा पाहायचा, पुन्हा झाकायचा. आठवड्याला दहा शब्द पुष्कळ झाले.

इंग्लंडमध्ये 10 ते 12 वर्षांच्या 88 मुलांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशांत ‘जीआर8’सारखी रूपे जास्त वापरणारी मुले शब्दवाचनात मागे नव्हती, उलट सरस दिसली. मोबाइलमुळे ती हुशार झाली, असा याचा अर्थ नव्हे. पण ‘ग्रेट’चा शेवट 8 या आकड्याने भागवायला ध्वनी आणि अक्षर यांचे नाते कळावेच लागते. वर्गात घेण्यासारखा एक सराव : ‘उद्या येऊ शकत नाही’ हा एकच निरोप मित्राला, शेजारच्या काकूंना आणि मुख्याध्यापकांना इंग्रजीत लिहायला द्या. तीन कागद शेजारी ठेवले की फरक मुलेच सांगतात.

प्रश्न : गेम खेळताना दिसणारे पी-डब्ल्यू-एन किंवा ‘हॉडल’ हे शब्द कुणी ठरवून बनवले की टायपिंगच्या चुका आहेत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

बहुतेकदा आधी चूक होते आणि मग ती हौसेने जपली जाते. कीबोर्डवर ओच्या उजवीकडे पी असतो. बोट एक घर सरकले की ‘ओन’चे (गेममध्ये समोरच्याला पुरते हरवणे) पी-डब्ल्यू-एन होते. ‘द’ ऐवजी टी-ई-एच होते ते वेगळ्या कारणाने. टी आणि ई डाव्या हाताकडे, एच उजव्या हाताकडे. उजवा हात क्षणभर मागे पडला की डाव्याचा ई आधी उमटतो. ‘हॉडल’ तर तारखेनिशी सापडतो : 18 डिसेंबर 2013 रोजी बिटकॉइन या आभासी चलनाचा भाव कोसळत असताना एकाने ‘होल्ड’ लिहिताना एल आणि डीची अदलाबदल केली आणि ते रूप तसेच चालू झाले.

चूक ठरवून करण्याची हौस मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. 1830 च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनच्या वृत्तपत्रांत चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम ओ आणि केने सुरू करायचे, त्यातून 23 मार्च 1839 रोजी ‘ओके’ छापले गेले. ‘ऑल राइट’साठी ओ-डब्ल्यूही निघाले होते, ते विरून गेले. ‘ओके’ तगले, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाशी ही अक्षरे जुळली आणि ती प्रचारात घुमली. आजचे शब्दही असेच गळतील. पाठ करत बसू नका.

प्रश्न : ऑफिसच्या अहवालात ‘कलर’मध्ये यू घालायचा की नाही? संगणक लाल रेघ ओढतो. (खासगी कंपनीतील कर्मचारी, पुणे)

भारतातल्या वाचकासाठी ब्रिटिश रूप, म्हणजे यू घालूनच. यू गाळण्याचा आग्रह अमेरिकी कोशकार नोआ वेबस्टर यांचा. 1828 च्या त्यांच्या कोशाने अमेरिकेत तो रुजवला. त्यांनी ‘टंग’साठी टी-यू-एन-जीही सुचवले होते, ते लोकांनी घेतले नाही. अहवाल अमेरिकी ग्राहकासाठी असेल तर सबंध अहवाल त्यांच्या पद्धतीने. सरमिसळ तेवढी नको.

लाल रेघेचा उपाय : वर्डमध्ये कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे इंग्लिश (इंडिया). ‘डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली’ची खूण काढा. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर आपली भाषा बरोबर घेऊन येतो, म्हणून नुसते नवीन फाइलला लावून भागत नाही.

झेडबद्दल एक गैरसमज आहे. ‘ऑर्गनाइझ’मधला झेड केवळ अमेरिकी नाही, ऑक्सफर्डची छापील पद्धतही तीच. ‘ॲडव्हर्टाइज’, ‘सरप्राइज’, ‘सुपरवाइज’ यांत मात्र दोन्हीकडे एसच. आणि विशेषनामाला हात लावू नका : ऑस्ट्रेलियात ‘लेबर’ यू घालून लिहितात, पण तिथल्या लेबर पक्षाच्या नावात यू नाही. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळे एकदम बदलले की नेमकी अशीच नावे बिघडतात.

प्रश्न : वेबसाइटच्या कोडमध्ये ‘रेफरर’ या हेडरच्या नावात एक आर कमी दिसतो. दुरुस्त करू का? (प्रोग्रॅमर, ठाणे)

अजिबात नको. वाचक कुठल्या पानावरून आला हे ब्राउझर ज्या ओळीत सर्व्हरला कळवतो, तो हा हेडर. ही चूक 1996 च्या एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवघेवीचे नियम) दस्तऐवजात तशीच गेली; सगळे ब्राउझर तेच नाव पाठवतात आणि सर्व्हर तेच वाचतात. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’त मात्र स्पेलिंग बरोबर आहे, जावास्क्रिप्टमधल्या ‘डॉक्युमेंट’च्या गुणधर्मातही. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही रूपे लागू शकतात. हेडरचे नाव ‘सुधारून’ वाचले तर सहसा एररही येत नाही; रिकामी किंमत मिळते आणि वाचक कुठल्या पानावरून आला याचा रकाना कोरा राहतो. म्हणून हे नाव एकाच जागी स्थिरांक म्हणून ठेवा आणि शेजारी टीप लिहा, म्हणजे पुढचा सहकारी ते दुरुस्त करायला जाणार नाही.