जेट्टीवरचे दिवे की सुकवणीचे ओटे?

गावकारभाराविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त ग्रामसेवकाची २०२१ च्या अखेरीला दिलेली उत्तरं (निधी, अर्ज आणि नियम तेव्हाचे)

प्रश्न : भाऊ, मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. २०२१ च्या जानेवारीत निवडून आले, आता वर्ष होत आलं. कोरोनाने आणि त्यातच आलेल्या निसर्ग वादळाने गाव जे बसलं, ते अजून पुरतं उठलेलं नाही. पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा आहे. सरपंच आणि बहुतेक सदस्यांना किनाऱ्याचं सुशोभीकरण हवंय. बाकडी, जेट्टीवर रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. पर्यटक आले की सगळ्यांचंच भागेल, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही, पण बैठकीत नेमकं काय मांडावं ते सुचत नाही. पहिलं काम कोणतं धरायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातली एक वही काढून बसलो. २०२० च्या उन्हाळ्यात मी तुमच्यासारख्याच एका बंदरपट्टीच्या गावात ग्रामसेवक होतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत विलगीकरणात ठेवायचं आणि त्यांची नोंद करायची, हे काम होतं. सरकारी रजिस्टर पंचायतीच्या दप्तरात राहिलं. ही माझी स्वतःची दोनशे पानी वही. नाव, कुठून आला, ताप आहे का, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्या रकान्यात मी माणूस काय मागतोय ते लिहीत गेलो. पुढे शाळेतल्यांचंच नव्हे, पंचायतीच्या दारात आलेल्या प्रत्येकाचं लिहायला लागलो.

पहिल्या पानांवर बीपीच्या गोळ्या आहेत. मग साखरेच्या. पुन्हा बीपीच्या. एसटी बंद, औषधाचं दुकान तालुक्याला. पुढे मीठ सुरू होतं. एवढं मीठ कशाला, ते मला आधी कळेना. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली होती. होड्या समुद्रात गेल्या, पण किनाऱ्यावर लिलाव बंद, बर्फाची गाडी नाही, व्यापारी फिरकेनात. आलेली मासळी खारवून सुकवणं एवढंच बायकांच्या हातात उरलं होतं आणि गावातलं जाडं मीठ संपलं होतं. एका मावशीच्या नावापुढे मी लिहिलंय : ‘मीठ. आणि सुकवायला जागा. वाळूत घातलेली कुत्री नेतात.’ ३ जूनच्या वादळानंतरची पानं तर ताडपत्री, पत्रे, कौलं, रॉकेल, पिण्याचं पाणी यांनीच भरलीत. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळ नाही. बागायतदारांनी पडलेल्या पोफळी कापायला करवत मागितली आहे. पोफळ पुन्हा लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे ते घर अजूनही रिकाम्या बागेकडे बघत बसलेलं आहे.

सबंध वहीत दिवे कोणी मागितलेले नाहीत, ताई.

म्हणून माझा सल्ला असा की, आराखड्याआधी अशी एक वही तुम्ही करा. घरोघर जा आणि एवढंच विचारा : त्या दोन वर्षांत काय विकलं, कोणाचं कर्ज झालं, काय मिळालं असतं तर ते विकावं लागलं नसतं? कोणी मंगळसूत्र गहाण ठेवलं असेल, कोणी जाळी विकली असतील, कोणाचा बचतगटाचा हप्ता थकून गटच मोडला असेल. हे बैठकीत कोणी सांगत नाही, पडवीत सांगतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते हे तुम्हाला ठाऊक असेल. पण ती सकाळी अकराला ठेवतात, आणि त्या वेळी मच्छीवाल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन वरच्या वाड्यांत विकायला गेलेल्या असतात. मग ज्यांचा पंचायतीशी सर्वांत जास्त संबंध, त्यांच्यावाचूनच ठराव होतो. वेळ संध्याकाळची मागा, आणि लेखी मागा.

आता पैशाचं. १५ व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या निधीतला (२०२१ ते २०२६) ६० टक्के हिस्सा बंधित आहे, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा. अर्धा पिण्याच्या पाण्याकडे, अर्धा स्वच्छतेकडे. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि त्यातून पगार किंवा कार्यालयाचा खर्च करता येत नाही. बहुतेक पंचायतींत भांडण होतं ते या ४० टक्क्यांवर. तुम्ही आधी ६० टक्क्यांकडे बघा. मच्छीबाजारात बायकांसाठी शौचालय आणि सांडपाण्याचा निचरा स्वच्छतेच्या पैशातून मांडता येतो, आणि वीज गेली तरी चालेल अशी पाण्याची सोय पाण्याच्या पैशातून. मी नोकरीत असताना बाजारातल्या बायका दिवसभर पाणी पीत नसत, कारण जायला जागा नव्हती. ही गोष्ट मला वीस वर्षांनी कळली, याची मला आजही लाज वाटते. मग अबंधित निधीतून सुकवणीचे ओटे, वर जाळी, शेजारी मिठाचं छोटं गोदाम. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तेही हिशेबात धरा. दर वर्षी मार्चअखेर त्यातून काहीतरी वाटप उरकलं जातं.

सुशोभीकरणवाल्यांना एक मुद्दा शांतपणे सांगा. भरतीरेषेजवळचं बांधकाम सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमात येतं. ग्रामीण किनाऱ्यावर जो ना-विकास पट्टा असतो, त्यातसुद्धा मच्छीमारांच्या गरजेच्या सोयींना, म्हणजे मासळी सुकवण्याची जागा, लिलावाची शेड, जाळी विणायची जागा यांना वाव ठेवलेला आहे. परवानगी त्यांनाही लागते, पण नियम त्यांच्या बाजूने उभा आहे. काँक्रीटच्या सेल्फी पॉइंटसाठी तसं नाही. अर्धवट बांधून थांबवलेलं काम दिसायला फार वाईट दिसतं.

पर्यटक येऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या पैशावर आमच्या गावातली कितीतरी घरं चालली. पण मार्च २०२० मध्ये ते एका दिवसात थांबले, आणि ज्या घरात फक्त खोल्या भाड्याने द्यायचा धंदा होता, तिथे एप्रिलात तांदूळ उसना मागायची वेळ आली. सुकी मासळी ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती पावसाळाभर थोडीथोडी विकली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते, तेव्हा तर तीच उपयोगी पडते. हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांनाच बैठकीत बोलू द्या, तुमचं काम निम्मं होईल.

गोळ्यांचं विसरू नका. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी असतो. रक्कम लहान आहे, पण आशाताईंना सोबत घेऊन रोजच्या गोळ्या लागणाऱ्यांची यादी करायला, आणि रस्ता बंद पडला तर पंधरा दिवसांचा साठा कसा मिळेल हे उपकेंद्राशी ठरवायला पुरते. यादी मात्र आत्ताच हवी. आम्ही ती ताप पसरल्यावर करायला घेतली.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये मुंबईतली नोकरी गेली, म्हणून बायकामुलांसह गावी आलो तो आलोच. आम्ही आलो तेव्हा वेशीवर बांबू आडवा टाकला होता. तो राग आता नाही, पण पंचायतीच्या कामात आम्हाला कोणी विचारत नाही. ग्रामसभेत बोलायचा हक्क आहे का?

उत्तर : त्या बांबूच्या आतल्या बाजूला मीही उभा होतो. लोक घाबरलेले होते, तरी तुमच्या पोरांना उन्हात ताटकळत ठेवायला नको होतं. हे मला तुम्हाला सांगायचंच होतं.

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसं. तुमचं नाव अजून मुंबईला असेल तर ते आधी गावात आणा, दोघांचंही. रोजगार हमीच्या जॉबकार्डासाठी तेवढं थांबू नका, गावात राहणारं प्रौढ माणूस ते मागू शकतं. नमुना ४ भरून काम मागा आणि पोच घ्या. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क लागू होतो, पण पोच नसेल तर काहीच नाही. वादळात गेलेल्या बागांची नवी लागवड रोजगार हमीतून होऊ शकते. बागेवाल्याला माणूस हवा, तुम्हाला काम हवं. हा विषय ग्रामसभेत तुम्हीच मांडा.

प्रश्न : माझे यजमान खलाशी होते. दुसऱ्या लाटेत वारले. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही. पंचायत काही करू शकते का?

उत्तर : वहिनी, चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोरोनाचा धरतात, दाखल्यावर लिहिलेलं नसलं तरी. चाचणीचा अहवाल शोधा. ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज ऑनलाइन आहे (त्याची मुदत पुढे २०२२ मध्ये संपली). नाकारला तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. अर्ज भरून द्यायला पंचायतीतल्या संगणक परिचालकाला सांगा, आणि कोरोनात पती गेलेल्या महिलांसाठीच्या मिशन वात्सल्य योजनेच्या यादीत तुमचं नाव आहे का ते तहसील कार्यालयात विचारा.

पंचायतीच्या हातातलं काम वेगळं आहे आणि ते याच महिन्यात करून घ्या. घर यजमानांच्या नावावर असेल तर नमुना ८ ला, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, वारस म्हणून तुमची आणि मुलांची नोंद करायचा अर्ज द्या. दीर किंवा सासरे ‘घाई काय आहे’ म्हणतील, तरी द्या. उतारा हातात आला नाही तर मला पुन्हा लिहा, सोबत अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा.